रडायला चार बायका पाहिजेत

चार बायका आणि एक कॅमेरा एका जागी आला की किस्से कसे साठत जातात, ते आम्हाला विचारा. मी काही मुद्दाम गोळा करत बसले नव्हते. अंगणात शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरले. आता पाय ठेवीन तिथे घसरते! मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते. तिनं माझं 'हाय' पुसून 'आहे' केलं तर करू दे. पण बाकीच्यांच्या तोंडचं बदलायचं नाही, असं तिला बजावलंय. ज्याचं बोलणं त्याचं त्याला ठेवावं.

तर कर्जतजवळ कळंबच्या बाजूला नदीकाठी एक मोठा बंगला आहे. एरवी तिथे मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येऊन नाचतात. तिथे वर्षभर एका सीरियलचं शूटिंग चाललं होतं. सीरियल विमा कंपनीच्या तपासनीसाची. कोणी मेल्याचा कागद पुढे करून विमा मागितला, की हा जाऊन बघणार, माणूस खरंच मेलाय का! आम्ही त्याला विमावालाच म्हणायचो. सीरियलचं नाव सांगत नाही. सांगणार नाही म्हणून अंगठा दिलाय.

*

सुरुवातच अशी झाली की अंगावर काटा आला.

आमच्या कडाव गावात मंदाच्या ओटीवर आम्ही चौघी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मी, मंदा, हलीमा आणि सुनंदा. आम्ही चौघी शेजारणी, म्हणजे भिंतीला भिंत. तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. त्यातून गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेली एक पोरगी उतरली. हातात कागद, गळ्यात शिट्टी. म्हणाली, "मावशी, नमस्कार. रडायला चार बायका पाहिजेत."

मंदाच्या हातातली परात खाली! सगळे वाल ओटीभर. "अगं बाय! कोन गेलं?"

"अजून कोणी नाही," पोरगी म्हणाली. "गुरुवारी जाणार आहेत. सकाळी नऊला."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. हलीमा तर पुटपुटायला लागली. पोरीनं कागदावर बोट फिरवलं आणि थंडपणे म्हणाली, "पाऊस आला तर शुक्रवारी."

*

तीच ही तन्वी मॅडम. डायरेक्टरच्या हाताखालची. मग तिनं शूटिंगचं समजावून सांगितलं आणि म्हणाली, जरा रडून दाखवा. मंदा अशी रडली, अशी रडली, की पलीकडच्या आळीतून दोन माणसं धावत आली! मी आणि हलीमा पण पास झालो. सुनंदा मात्र वाल सोलत राहिली. "मला नाय जमायचं."

"का हो मावशी? सोपं आहे."

आम्ही तिघींनी माना खाली घातल्या. त्या पोरीला काय सांगायचं?

चौदा वर्षं झाली. सुनंदाचा नवरा सकाळी मोटरसायकल घेऊन चौक गावाला गॅरेजवर गेला. क्लच दुरुस्त करायचा होता. गॅरेजवाला म्हणतो, गाडी लावली आणि चहा पिऊन येतो म्हणाला. गाडी रिपेर होऊन घरी आली. माणूस नाही आला! पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवाला कौल लावून झाला. नाही तो नाहीच. भांडण नाही, दारू नाही, काही नाही.

तेव्हापासून ही बाई रडली नाही. एकदा मी म्हटलं, "सुने, रडून मोकळी हो." तर म्हणाली, "रडले की मेला असं व्हईल, पारूबाय." पोरगा मागे लागलाय, की सात वर्षांनी कोर्टात सही करून अर्ज करता येतो, मग कागदावर वडील गेले असं लिहून देतात. ही म्हणते, "माझ्या सईनं मारू व्हय त्याला?" हळदीकुंकवाला बायका तिच्या कपाळापर्यंत बोट नेतात आणि तिथे बोट जरा थांबतं. कुंकू लावतात. पण थांबतं! ते थांबणं तिला दिसतं, आम्हालाही दिसतं. ती धड इकडची नाही आणि धड तिकडची नाही.

तन्वी मॅडमला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पोरगी हुशार. म्हणाली, "तुम्ही नुसत्या मागे उभ्या राहा मावशी. गर्दी दिसायला हवी."

*

पहिल्याच आठवड्यात हलीमाचा आणि माझा धर्म बदलला!

बाजाराचा सीन होता. तन्वी मॅडमनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे नीट बघितलं, मान वाकडी केली, आणि हलीमाला दिलं नऊवारी लुगडं, नथ आणि रुपयाएवढं कुंकू. मला दिला बुरखा!

"अगं पोरी, मी हलीमा हाय," हलीमा म्हणाली.

"हो, पण तुमचा चेहरा एकदम गावच्या मराठी बाईचा वाटतो."

"मंग कुनाचा वाटनार? मी काय काल अरबस्तानातनं उतरले?"

पण कपडेपटवाल्यापुढे कोणाचं चालतं! हलीमानं मला बुरखा घालून दिला, मी तिला लुगडं नेसवलं. कासोटा घालताना ती म्हणे, "पारू, हलू नको, तू माझ्या सासूसारखी दिसतेस. मला धडकी भरतेय."

सीन संपला. हलीमाचा मुलगा सलीम आम्हाला टेंपोतून न्यायला आला. आला तो सरळ माझा हात धरून म्हणाला, "चल अम्मी, उशीर झाला." आणि खऱ्या आईकडे बघून हात जोडले. "मावशी, तुमाला बी सोडू का कडावला?"

हलीमानं नथ वर केली. "मेल्या! नऊ मयनं कुटं हुतास म्हाईत हाय ना?"

सलीम टेंपोत चढेपर्यंत तीनदा मागे वळून बघत होता. माझ्याकडे नाही, तिच्याकडे! घरी जाईस्तोवर त्यानं तिला मावशीच म्हटलं. जीभच वळेना पोराची.

*

म्हशीचा किस्सा ऐकून तर कपाळाला हात लावाल.

मंदाचा दीर दौलत. त्याचा गोठा शूटिंगला हवा होता. त्यानं दिला. पण सीरियल कशाची ते त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, देवाधर्माची असेल. त्या दिवशी हिरो आला. पांढरा शर्ट, जाड चष्मा, बगलेत विमा कंपनीची फाइल. दौलत शेण काढत होता. हिरो आपला गोठ्यात फेऱ्या मारत स्वतःचा डायलॉग पाठ करत होता. फिरत फिरत दौलतच्या समोर आला, चष्मा काढला आणि म्हणाला, "खोटं बोलू नका. मला सगळं माहीत आहे."

दौलतच्या हातातलं घमेलं पडलं. त्यानं शेणाच्या हातांनीच नमस्कार घातला. "साहेब, चुकलो! म्हैस मेली नाय! चौकला मेव्हन्याकडं बांदलीय!"

काय झालं होतं, की विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला असतो. दौलतनं तो बिल्ला काढून, म्हैस मेली म्हणून कंपनीकडे दिला होता आणि म्हैस चौकला पाठवून दिली होती! घरात बायकोलाही ठाऊक नव्हतं. मंदा डोळे फाडून दिराकडे बघतेय. "अवो भावजी, तुमी तर तिच्यासाठी दोन दिवस जेवला नव्हता!"

हिरोच घाबरला बिचारा. "काका, काका, मी खरा नाही हो! मी नट आहे!"

दौलतनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "मंग म्हैस आनू का नको?"

टेंपोतून घरी येताना आम्ही हसून हसून मेलो. सलीमनं दोनदा टेंपो बाजूला घेतला. सुनंदा एकटी बाहेर बघत होती. म्हणाली, "म्हशीचा तरी पत्ता लागला."

आमचं हसू जागच्या जागी बसलं.

*

आता तिरडीचा. हा किस्सा पार खालापुरापर्यंत पोचलाय, पण तिकडे तो चुकीचा सांगतात. मी तिथे होते, माझा ऐका.

सीरियलमधला सरपंच मरतो. सरपंच झालेला नट चांगला गलेलठ्ठ, मुंबईचा. डायरेक्टर साहेबांना सगळं खरं पाहिजे होतं. मग आमच्या बाळारामतात्यांना बोलावलं. गावात कोणाचीही तिरडी त्यांच्याशिवाय बांधली जात नाही. तात्यांनी स्वतः बांबू तोडला, कामट्या लावल्या आणि त्या नटाला असा आवळून बांधला की हात हलवायची सोय नाही. खांद्याला आमच्याच गावची चार माणसं. डायरेक्टर साहेब म्हणाले, आंब्याच्या झाडापर्यंत न्या.

आम्ही रडतोय. तिरडी उचलली, आंबा आला. साहेब ओरडले, "कट!"

तिरडी पुढेच!

"कट! कट! थांबवा त्यांना!"

तन्वी मॅडम शिट्टी फुंकत धावली. तात्या मडकं धरून सगळ्यांत पुढे. मागे न बघता म्हणाले, "पोरी, शिट्टी काय मारतेस मयतीत? उचललेली तिरडी इसाव्याच्या आदी खाली ठेवत नाय. गावाला वाईट."

"पण विसावा कुठे आहे?"

"ह्यो काय. अर्धा कोस."

इतक्यात वरचा नट जागा झाला. त्याचा डोळा लागला होता! डोळे उघडतो तर वर आभाळ, बाजूला शेत आणि चार अनोळखी खांदे. "अहो, सोडा मला! उतरवा! कुठे नेताय?"

तात्या म्हणाले, "गप पड. मेलेलं मानूस बोलत नाय."

समोरून एक सायकलवाला येत होता. मयत बघून बिचारा खाली उतरला, टोपी काढली, हात जोडले. मयतानं मान उचलली आणि म्हणालं, "भाऊ, पोलिसांना बोलवा!"

ती सायकल तिथेच शेताच्या बांधावर दोन दिवस पडून होती. माणूस न्यायलाच येईना!

पुढच्या कुठल्याही सीरियलमध्ये मला मारायचं नाही, असं त्या नटानं कागदावर लिहून घेतलं म्हणतात. झाडाखाली बसून पाणी प्यायला तेव्हा त्याचे दात ग्लासावर वाजत होते. आणि तात्या त्यालाच रागावत होते, "इसाव्यापातुर कळ काडता येत नाय तुमाला?"

*

आता विमावाल्याचा मागचा इतिहास. तो आम्हाला सगळ्या महाराष्ट्राच्या आधी कळला.

जेवणाच्या सुट्टीत सीरियल लिहिणारे साहेब डायरेक्टरशी बोलत होते. आम्ही पलीकडे पंगतीत. कान तर काय, आपोआप जातात. या विमावाल्याचं खरं नाव राघव. दुसऱ्यांची मरणं तपासणारा हा माणूस स्वतःच कागदावर मेलेला! बऱ्याच वर्षांपूर्वी बायकोला गावात टाकून निघून आला. तो नदीत वाहून गेला असं सगळे धरून चालले. यानं शहरात नाव बदललं, नोकरी धरली. आणि आता त्याच्या टेबलावर एक फाइल येते. उघडतो तर आत त्याच्याच मरणाचा दावा, खाली बायकोची सही!

हलीमा म्हणाली, "या अल्ला!" मंदाच्या पानातली आमटी सगळी मांडीवर.

तन्वी मॅडमला आमची तोंडं दिसली. धावत आली. "तुम्ही ऐकलंत? कुणाला सांगायचं नाही हं! तुम्ही अंगठा दिलाय!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या कडावला ठाऊक! डेअरीवर तेच, गिरणीत तेच. दुसऱ्या दिवशी तन्वी मॅडम लालबुंद होऊन मंदासमोर उभी. "मावशी, करार केला होता आपण!"

मंदा म्हणाली, "अंगठा मागितलात, अंगठा दिला. तोंड कुटं मागितलं हुतंत?"

सगळं युनिट हसलं. पण खरं सांगू का, आदल्या दिवशी पंगतीत एक पान तसंच राहिलं होतं. सुनंदा उठून लिहिणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली होती. "आनि ती बायको? तिचं काय व्हतं म्होरं?"

साहेब म्हणाले, "तिचं अजून ठरलं नाही."

*

मग सुनंदानं जे केलं, त्यानं मी हबकलेच.

हिरो बंगल्याच्या मागे झाडाखाली डबा खात बसला होता. मी जवळच भांडी विसळत होते. सुनंदा चहाचा ग्लास घेऊन गेली आणि त्याच्या समोर जमिनीवर बसली. "दादा, एक इच्यारू?"

"विचारा ना काकू."

"तुमी घर का सोडलंत?"

तो गडबडला. "मी? नाही, म्हणजे राघवनं? ते अजून स्क्रिप्टमध्ये आलेलं नाही."

"पन तुमाला काय वाटतं? भांडान झालं हुतं?"

"नसावं."

"बाई हुती दुसरी?"

"तसं काही लेखक बोलले नाहीत."

सुनंदानं चहाचा घोट घेतला. "मंग जेवनात काय कमी पडत हुतं का?"

मी भांडं तसंच धरून उभी! चौदा वर्षं ही बाई शेजारी राहते. मनात हे धरून बसली असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं! हिरोनं डबा बाजूला ठेवला. पोरगा चांगल्या घरचा असणार. म्हणाला, "काकू, तिचं काही चुकलं नसणार."

"तुमाला काय म्हाईत? तुमचं तर लग्नाचं शूटिंग बी झालं नाय अजून."

त्याला हसावं की काय करावं कळेना. मलाही कळेना.

"आनि परत आलात," सुनंदानं विचारलं, "तर तिनं घरात घ्यावं का तुमाला?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "खरं सांगू काकू? राघव परत जाणारा माणूस नाही. मी एवढे दिवस तो करतोय. तो जिवंत असला काय आणि नसला काय, तिच्याकडे नाही जायचा."

सुनंदानं चहा संपवला. ग्लास विसळून माझ्याकडे दिला. "बरं झालं," म्हणाली. "कुनीतरी सांगितलं."

त्या दिवसापासून ती समोरून आली की हिरो उभा राहायचा. खुर्ची सोडून! युनिटला वाटायचं, याची कोणी नातेवाईक आहे.

*

आणि आता शेवटचा. हा मी कोणाला हसवायला सांगत नाही.

सीन मागच्या काळातला होता. राघव नदीत वाहून गेला म्हणतात, पण हाती काही लागलं नाही. मग त्याची बायको त्याचं मर्तिक करते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात, तसं. नदीकाठी सगळी मांडणी झाली. कर्जतहून खरे गुरुजी आणले होते. गुरुजी आधीच म्हणाले होते, "खोट्या मर्तिकाला मी खरे मंत्र म्हणणार नाही. ओठ हलवतो. आवाज तुम्ही नंतर लावा." आणि ते खरोखरच तोंडातल्या तोंडात शुभंकरोती म्हणत होते! मी जवळ होते, मला ऐकू येत होतं. मंदाला हसू आवरेना.

बायकोचं काम करणारी नटी मोठी गोड, पण तिची नखं ही एवढाली, रंगवलेली. डायरेक्टर साहेब म्हणाले, हे हात चालणार नाहीत, गावच्या बाईचे हात पाहिजेत. फक्त हात दिसणार. पानं मांडायची आणि बांगड्या फोडायच्या.

मी पुढे झाले. "साहेब, बांगड्या फोडायचं आमच्याकडं बंद झालंय. ग्रामसभेत ठराव करून बंद केलंय."

साहेब म्हणाले, "आजी, तुमच्या गावात बंद झालंय. आमच्या प्रेक्षकांत नाही झालं."

आम्ही तिघी हात मागे घेऊन उभ्या. कोण देणार असले हात? मी विधवा, पण मीही नाही म्हटलं. आणि मागून, गर्दीतून आवाज आला.

"मी करते."

सुनंदा! मंदानं तिचा पदर धरला. "सुने, येडी का खुळी तू?" तिनं पदर सोडवून घेतला.

कपडेपटवाल्यानं बांगड्यांचा डबा पुढे केला. शूटिंगच्या बांगड्या, हात न कापता फुटणाऱ्या. "मावशी, तुमच्या काढून ठेवा, या घाला." सुनंदानं डबा घेतला आणि खाली ठेवला. तिच्या हातात तिच्याच होत्या, हिरव्या. कपडेपटवाल्याचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं. आमचं नव्हतं गेलं.

कॅमेरा तिच्या हातांवर आला. तिनं पळसाची पानं मांडली. डोकं, खांदे, हात, पाय. इतकी सावकाश मांडत होती, की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. पायाची पानं जरा लांब झाली तर तिनं काढली आणि परत मांडली. तिचा नवरा वसंता ठेंगणाच होता.

गुरुजींना सांगितलं होतं, तुम्ही मध्ये नाव विचारल्यासारखं करा. गुरुजींनी ओठ हलवले. "नाव?"

साहेब मागून म्हणाले, "राघव म्हणा मावशी. नुसतं पुटपुटा, आवाज आत्ता घेत नाहीये."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेते तेवढंच. पोलीस चौकीतसुद्धा सुनंदानं नाव सांगितलं नव्हतं, पोराला सांगायला लावलं होतं.

"वसंत," ती म्हणाली. मोठ्यानं.

हलीमानं माझं मनगट असं पकडलं की अजून वळ आहे. गुरुजींनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आमची तोंडं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असेल. त्यांनी शुभंकरोती थांबवली. पळीभर पाणी हातावर घेतलं, सोडलं. आणि खरे मंत्र सुरू केले. ओठातले नाही, खणखणीत.

सुनंदानं बोटांनी कपाळ पुसलं. कॅमेरा तर हातांवर होता, कपाळ कोणी बघत नव्हतं. मग दोन्ही हात दगडावर आपटले. एकदाच. हिरव्या काचा पानांवर उडाल्या. मनगटातून रक्ताची बारीक धार आली. तिनं ती पुसली नाही. कोणीतरी तिच्या हातात पेटती काडी दिली आणि पानं पेटली.

ती रडली नाही. आम्हाला रडायला आणलं होतं, तर आमच्यापैकी एकीलाही रडू फुटेना.

"कट! एक्सलंट!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "काय रिअल आलंय! मावशी, वन मोर. जरा दुसऱ्या बाजूनं. बांगड्या आहेत ना रे डब्यात?"

"हायत बांगड्या," सुनंदा म्हणाली. "मानूस नाय दुसरा."

साहेबांना काही कळलं नाही. हिरो खुर्चीतून उठून उभा होता. त्यानं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना गप्प केलं.

सुनंदा नदीकडे चालायला लागली. तिच्या मागे मी, माझ्या मागे मंदा. मागे वळून बघायचं नसतं, आम्ही बघितलं नाही. हलीमा पाण्यापाशी क्षणभर थांबली. चपला काढल्या आणि ती पण आत आली. कपडेपटवाला काठावरून हात हलवत ओरडत होता, "मावशी! आजी! साड्या भिजवू नका! त्याच साडीत अजून दोन शॉट बाकी आहेत!"

आम्ही चौघी नेसत्या लुगड्यांनिशी गळ्यापर्यंत पाण्यात. सुनंदानं बुडी मारली. इतका वेळ वर येईना की मी हात घालणार होते. मग आली. केस तोंडावर, कपाळ मोकळं. श्वास घेतला आणि म्हणाली, "पारूबाय, आज माझ्या घरी चूल नाय पेटायची."

मी तोंड उघडायच्या आत हलीमा म्हणाली, "मी आनते भाकरी."

"पिठलं बी आन," सुनंदा म्हणाली. "त्याला आवडायचं."